जुनाट बद्धकोष्ठतेवर चिनी औषधे आणि आपले उपाय : बेळगाव भागातील रुग्णांसाठी मार्गदर्शन

बेळगावच्या रविवार पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानात रेवंदचिनी मागितली, की दुकानदार पिवळट तपकिरी मुळीचे तुकडे तोलून कागदात बांधून देतो. रेवंद हा फारसी शब्द आहे, आणि त्याला जोडलेले ‘चिनी’ हे विशेषण ही मुळी पूर्वी कोठून येत असे ते सांगते. आज आपल्याकडे विकली जाणारी रेवंदचिनी बहुधा हिमालयातील असते. चीनमध्ये याच प्रजातीतील दुसऱ्या जातींच्या मुळीला दा ह्वांग म्हणतात, आणि मलावरोधावरील चिनी काढ्यांत व गोळ्यांत तिचे स्थान फार जुने आहे.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की चिनी औषध म्हणजे आपल्या औषधांशी काही संबंध नसलेली वेगळीच वस्तू असावी, अशा समजुतीने पुष्कळ जण त्याकडे वळतात. वस्तुतः दा ह्वांग, आपली सोनामुखी आणि कोरफडीच्या पिवळ्या चिकापासून केलेला एळिया, ज्याला काही ठिकाणी काळा बोळ म्हणतात, या तिन्हींतील रेचक द्रव्ये एकाच रासायनिक गटातील आहेत. मोठ्या आतड्यातील जंतू त्यांचे रूपांतर करतात. मग ती द्रव्ये आतड्याच्या भिंतीला चेतवतात आणि मलातील पाणी शोषले जाऊ देत नाहीत. तीन दुकानांतून तीन शास्त्रांची औषधे आणणारा माणूस अनेकदा एकच औषध तिप्पट मात्रेत घेत असतो.

मी स्वतः हे केलेले आहे. अकरा वर्षांच्या त्रासाने कंटाळून एका उन्हाळ्यात मी रात्री सोनामुखीचे चूर्ण, सकाळी टपालाने मागवलेला ‘चिनी हर्बल’ चहा आणि मधल्या वेळी औषधाच्या दुकानातील गोळी असे तिन्ही एकदम सुरू केले. पंधरा दिवसांत पोट साफ होण्याऐवजी जुलाब, पोटऱ्यांत गोळे आणि जिना चढताना दम लागणे सुरू झाले, आणि रक्ततपासणीत पोटॅशियम घटलेले निघाले. डॉक्टरांनी घरातील सगळी पाकिटे आणायला सांगितली. चहाच्या खोक्यावरील बारीक अक्षरांत सोनामुखीच्याच पानाचे शास्त्रीय नाव छापलेले होते. त्या दिवसापासून मी एक नियम पाळत आलो आहे आणि पुढील सर्व मजकूर त्याच नियमावर उभा आहे: आधी आजाराचा प्रकार ओळखावा, मग एका वेळी एकच उपाय, ठरावीक मुदतीपर्यंत, वहीत नोंद ठेवून करावा.

आधी नेमके काय बिघडले आहे ते पाहावे

रोज सकाळी एकदा शौचास झालेच पाहिजे, असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीन वेळा होण्यापासून आठवड्यातून तीन वेळा होण्यापर्यंतची सर्व माणसे निरोगी असू शकतात. पोटविकारतज्ज्ञ ज्यांना रोम निकष म्हणतात, त्यांनुसार पुढील लक्षणांपैकी किमान दोन लक्षणे गेले तीन महिने असतील, आणि त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असेल, तरच त्याला जुनाट बद्धकोष्ठता म्हणावे: आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, चारांतून एकापेक्षा अधिक वेळा कुंथावे लागणे, मल खड्यासारखा असणे, पोट पुरते साफ न झाल्याची भावना राहणे किंवा गुदद्वाराशी काहीतरी अडल्यासारखे वाटणे, आणि बोटाने किंवा हाताने दाबून मल काढावा लागणे. यातील शेवटचे लक्षण लोक डॉक्टरांपासूनही लपवतात. निदानासाठी मात्र ते फार उपयोगाचे असते, म्हणून ते अवश्य सांगावे.

मलाचे वर्णन करण्यासाठी १९९७ साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता सोपा आहे. त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कठीण खडे, दुसरा गाठाळ आणि जाड, तिसरा व चौथा हे चांगले मानले जाणारे प्रकार, आणि सातवा म्हणजे निव्वळ पाणी. ‘पोट साफ होत नाही’ या मोघम वाक्यापेक्षा ‘आठवड्यात दोनदा, पहिल्या प्रकारचा, दहा मिनिटे कुंथून’ एवढे सांगितले, तर ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचे, वैद्यांचे आणि ॲक्युपंक्चर म्हणजे सुया टोचून उपचार करणाऱ्याचे, तिघांचेही काम सोपे होते.

आपल्या भागात भाषेची अडचणही असते. खानापूर किंवा निपाणीकडची वडीलधारी माणसे ‘परसाकडं होत नाही’, ‘खडा धरतो’ असे म्हणतात, आणि समोरचा तरुण डॉक्टर विजयपूर किंवा दावणगेरेचा असला तर त्यातील निम्मे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कन्नडमधील ‘मलबद्धते’ हा एकच शब्द लक्षात ठेवला तरी बोलणे मार्गी लागते. काष्ठौषधी विकत घेतानाही हिरड्याला अळलेकाई, बेहड्याला तारेकाई, आवळ्याला नेल्लिकाई आणि एरंडेलाला हरळेण्णे म्हणतात हे ठाऊक असावे, म्हणजे पुडीत भलतीच वस्तू येत नाही.

बद्धकोष्ठतेचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात आतड्याची गती ठीक असते, परंतु मल कोरडा व कमी असतो. आहार आणि पाण्याने याच प्रकाराला सर्वाधिक गुण येतो. दुसऱ्यात आतड्याची गतीच मंद असते, अनेक दिवस शौचाची इच्छाच होत नाही. तिसऱ्यात मल गुदाशयापर्यंत येऊन थांबतो, कारण कुंथताना जे स्नायू सैल पडायला हवेत तेच आवळले जातात. या तिसऱ्या प्रकारात चूर्णे, काढे, चिनी गोळ्या आणि विलायती पावडरी यांचा उपयोग फार मर्यादित असतो, आणि तरीही बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे त्याच बदलून पाहतात. त्यावरचा खरा उपचार म्हणजे बायोफीडबॅक. त्यात यंत्रावर स्नायूंचा ताण दाखवून रुग्णाला ते सैल सोडायला शिकवतात. बोट घालून केलेल्या साध्या तपासणीतही अनुभवी डॉक्टरांना याची शंका येते, म्हणून त्या तपासणीला लाजू नये.

कधी कधी दोष पोटात नसतोच. माझ्या आत्याने चार वर्षे एरंडेल घेतले; शेवटी थकवा, अंगावरची सूज आणि थंडी न सोसणे यांवरून कोणीतरी थायरॉईडची तपासणी करवली आणि गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांत तिचे पोट सुरळीत झाले. थायरॉईड मंदावणे, मधुमेह, रक्तातील कॅल्शियम वाढणे आणि कंपवात ही नेहमीची कारणे आहेत. औषधांमुळेही पोट धरते: लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबासाठी दिले जाणारे व्हेरापामिल, ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरील औषधे, अफूपासून किंवा अफूसारख्या द्रव्यांपासून बनलेली वेदनाशामके आणि ॲल्युमिनियमयुक्त ॲसिडिटीची औषधे. यांपैकी काही चालू असेल तर ते आपण होऊन बंद करू नये. ज्यांनी लिहून दिले त्यांना पर्याय विचारावा.

मलात रक्त किंवा डांबरासारखा काळेपणा, कारणाशिवाय घटणारे वजन, पंडुरोग, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, किंवा पंचेचाळिशी उलटल्यानंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी रुग्णालयात जावे. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर त्याच तासाला निघावे. अशा वेळी रेचक घेणे धोक्याचे असते. बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि मोठी महाविद्यालयीन रुग्णालये आहेत. अथणी, रायबाग किंवा जोयडा यांसारख्या लांबच्या तालुक्यांतील लोकांनी तपासण्यांचे जुने कागद बरोबर घेतले तर फेरा वाचतो.

ताटापासून सुरुवात

प्रौढ माणसाला दिवसाला अन्नातून साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) हवेत. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ते सुमारे १० ग्रॅम, नाचणीत व चाळण न मारलेल्या गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम असतात. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात. अथणीकडच्या जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेला माणूस बेळगावात नोकरीला येतो, सकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, दुपारी भात आणि संध्याकाळी मैद्याचे काहीतरी खातो, आणि वर्षभरात चूर्ण शोधू लागतो, तेव्हा त्याचे निम्मे निदान या आकड्यांतच असते. खानापूरकडे भाताचे प्रमाण अधिक, म्हणून तेथे नाचणीची भाकरी किंवा आंबील पुन्हा रोजच्या जेवणात आणणे हा सर्वांत सोपा बदल ठरतो.

भाकरीबरोबर कारळ्याची किंवा जवसाची चटणी खाण्याची आपल्याकडची रीत येथे नेमकी उपयोगी पडते. जवसात तंतू, चिकटपणा आणि तेल असे तिन्ही असते. चिनी वैद्यकातही तेलबियांनी कोरडे आतडे स्निग्ध करावे असा विचार आहे आणि त्यासाठी ते काळे तीळही वापरतात. मेथी, पोकळा, चाकवत, राजगिरा यांपैकी एक पालेभाजी रोज, मोड आलेली मटकी किंवा मूग, सालीसकट शिजवलेली रताळी आणि पेरू किंवा पपई एवढे ताटात आले तर तंतूंसाठी बाहेर पाहावे लागत नाही. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत रताळ्यांचे पीक मोठे आहे, आणि हंगामात ती स्वस्तही असतात. आता येथेही मिळणाऱ्या हिरव्या किवी फळाला मात्र चाचण्यांचा आधार आहे: न्यूझीलंड, इटली आणि जपान येथे झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दोन किवी खाणाऱ्यांना इसबगोल घेणाऱ्यांच्या तोडीचा फायदा झाला. परवडत असेल तर महिनाभर करून पाहावे.

तंतू वाढवताना घाई करू नये. एका आठवड्यात एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलाबरोबर पाणी वाढवावे. नाहीतर पोट फुगते आणि माणूस भाकरीलाच दोष देतो. तंतू वाढवूनही फक्त फुगारा वाढत असेल, तर आपला प्रकार वर सांगितलेल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटातील असण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

शौचाच्या वेळेबद्दल एवढेच सांगतो, की जेवल्यावर, विशेषतः न्याहारीनंतर, मोठे आतडे आपोआप हालचाल करते. त्या अर्ध्या तासात दहा मिनिटे मोकळी ठेवावीत. उद्यमबागेत पहिल्या पाळीला जाणारे कामगार, पहाटेची बस धरणाऱ्या शिक्षिका आणि दिवसभर चांगल्या स्वच्छतागृहाअभावी वेग दाबून धरणाऱ्या बाजारातील विक्रेत्या स्त्रिया यांना हाच वेळ मिळत नाही. हा त्यांचा आळस नव्हे. ही परिस्थितीची अडचण आहे. घरच्यांनी त्यांची सकाळची कामे थोडी वाटून घेतली तर औषधाइतकाच फरक पडू शकतो. कमोडवर बसणाऱ्यांनी पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट घ्यावा आणि किंचित पुढे झुकावे. उकिडवे बसल्याने गुदाशयाचा वाकडा मार्ग सरळ होतो आणि पाटामुळे तीच स्थिती कमोडवर साधते. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना तर याचा मोठाच आधार असतो.

चिनी वैद्यकाची दृष्टी

चिनी पारंपरिक वैद्यकात बद्धकोष्ठता हा एकच आजार मानत नाहीत. तहान, तोंडाला कोरड, पिवळी लघवी, लाल जीभ आणि वाळलेला मल असेल तर ती उष्णतेची. ढेकर, फुगारा, चिंता आणि इच्छा होऊनही मल न सुटणे असेल तर ती ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती अडल्याची. हातपाय गार आणि शेकल्यावर बरे वाटणारे पोट असेल तर ती थंडीची. म्हातारपणी, बाळंतपणानंतर किंवा दीर्घ आजारानंतर मल मऊ असूनही बाहेर टाकण्याचे बळ राहत नाही, त्याला ते शक्ती किंवा रक्त उणे पडल्याची बद्धकोष्ठता म्हणतात. आयुर्वेदातील अपान वायू आणि क्रूर, मध्यम, मृदू कोष्ठ यांचा विचार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही विभागणी परकी वाटणार नाही. यातून व्यवहारात घेण्यासारखा धडा असा, की अशक्त वृद्धाला आणि धडधाकट तरुणाला एकच तीव्र रेचक देणे दोन्ही शास्त्रांना मान्य नाही.

या वैद्यकातील सर्वाधिक अभ्यासलेले औषध म्हणजे मा-त्झी-रेन-वान, अर्थात भांगेच्या बियांची गोळी. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास चांग चोंग-चिंग या वैद्याने सांगितलेल्या या योगात सहा द्रव्ये आहेत: भांगेच्या बिया, पांढऱ्या पिओनीचे मूळ, कच्चे कडू संत्रे, दा ह्वांग, मॅग्नोलियाची साल आणि जर्दाळूच्या बिया. हाँगकाँगमध्ये १२० रुग्णांवर आठ आठवडे केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के, तर औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय पूड घेणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के रुग्णांना गुण आला. तेथेच २९१ रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत हे आकडे असे होते: चिनी औषध ६८ टक्के, सोनामुखी ५८ टक्के, निष्क्रिय पूड ३३ टक्के. औषध थांबवल्यानंतरच्या काळात चिनी औषधाच्या गटातील ४७ टक्के रुग्णांचा गुण टिकला, सोनामुखीच्या गटात तो जेमतेम २१ टक्क्यांचा टिकला.

या आकड्यांतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा ३३ हा आहे. काहीही औषधी द्रव्य नसलेली पूड घेऊन तीन माणसांपैकी एकाला बरे वाटले. शेजाऱ्याला, मेहुण्याला किंवा दुकानदाराच्या ओळखीच्या माणसाला एखाद्या पुडीने गुण आला, एवढ्यावरून ती पुडी गुणकारी ठरत नाही, ते यामुळेच. तरीही चिनी औषध त्या ३३ च्या बरेच पुढे गेले, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे.

मग हे औषध येथे घ्यावे का? माझे मत असे आहे, की बेळगावात बसून, स्वतःच्या बळावर, टपालाने मागवून ते घेऊ नये. भारतात आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी या पद्धतींना मान्यता आहे. चिनी वनौषधी वैद्यक त्यांत नाही. त्यामुळे त्या गोळीत लिहिलेलेच द्रव्य आहे का, हे तपासणारी यंत्रणा आपल्या बाजूने उभी नसते. ही भीती काल्पनिक नव्हे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, कारण एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती वापरली गेली होती. ‘आतडे मऊ करण्यासाठी’ दिली जाणारी ह शो वू ही मुळी यकृताला इजा करू शकते. सिंगापूर, हाँगकाँग किंवा चीनमध्ये नोकरीला असलेल्यांनी तेथील नोंदणीकृत वैद्याकडून हे औषध घेतले तर गोष्ट वेगळी; तेव्हाही काढ्यातील द्रव्यांची यादी मागून घ्यावी आणि तीत दा ह्वांग, फान शिये ये म्हणजे सोनामुखीचे पान, किंवा लू ह्वे म्हणजे एळिया आहे का ते पाहावे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, लघवी वाढवणारी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ही तिन्ही टाळावीत.

येथे एक गोंधळ दूर करावासा वाटतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतील दवाखान्यात जाऊन आलेले लोक ‘चिनी औषध आणले’ असे म्हणतात. ते तिबेटी वैद्यक म्हणजे सोवा-रिग्पा असून त्याला आपल्या देशात २०१० पासून कायदेशीर मान्यता आहे. चिनी वैद्यकाशी त्याची देवाणघेवाण झालेली असली तरी ते वेगळे शास्त्र आहे, आणि आपल्या वहीत त्याची नोंद वेगळीच व्हावी.

ॲक्युपंक्चरची गोष्ट औषधांपेक्षा सोपी आहे, कारण त्यात पोटात काही जात नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक आहेत. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे ही विद्या चीनमध्ये शिकून कोलकात्यात रुजवली. बद्धकोष्ठतेसाठी तिचा आधारही बरा आहे. चीनमधील १५ रुग्णालयांत जुनाट बद्धकोष्ठतेचा तीव्र त्रास असलेल्या १,०७५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडून उपचार केला. आठवड्यातून सरासरी तीन वेळा, औषधाशिवाय आणि पूर्ण समाधानाने शौचास होऊ लागलेल्यांचे प्रमाण खऱ्या उपचारात ३१ टक्के आणि वरवरच्या खोट्या उपचारात १२ टक्के होते, आणि उपचार संपल्यावर बारा आठवडे हा फरक टिकून राहिला.

मात्र त्या चाचणीत आठ आठवड्यांत २८ बैठका होत्या: पहिले दोन आठवडे पाच-पाच, नंतर तीन-तीन. महिन्यातून एकदा सुया टोचून घेणे म्हणजे तो उपचार नव्हे. खानापूरहून किंवा हुक्केरीहून येणाऱ्याने बसभाडे, रजा आणि प्रत्येक बैठकीचे शुल्क यांचा हिशेब आधीच करावा, आणि तेवढे जमणार नसेल तर अर्धवट सुरू करू नये. केंद्र सरकारने २००३ साली ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली आणि महाराष्ट्राने त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. निपाणी-चिकोडीकडून कोल्हापूरला जाणाऱ्यांनी तेथे त्या कायद्याखालील नोंदणी क्रमांक विचारावा. बेळगावात उपचारकर्त्याची मूळ वैद्यकीय पदवी आणि दवाखान्याची कर्नाटक खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालील नोंदणी पाहावी. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली गेली पाहिजे. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी विजेच्या सुया घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सुया नको असतील तर पोटाला मालीश करावे. पाठीवर निजून, गुडघे वाकवून, उजव्या जांघेच्या वरून बरगडीपर्यंत, तेथून आडवे डावीकडे आणि मग खाली डाव्या जांघेकडे असा हात मोठ्या आतड्याच्या मार्गानेच दहा-पंधरा मिनिटे फिरवावा. चिनी वैद्यकातील थ्येन-शू हे स्थान बेंबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटे अंतरावर असते. त्यावर बोटांनी सोसेल इतका दाब दिला तरी चालतो. यात खर्च नाही आणि धोकाही फारसा नाही. हर्निया, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर मात्र करू नये.

आपली औषधे आणि दवाखान्यातील औषधे

इसबगोल हे औषध कमी आणि तंतू अधिक आहे, म्हणून ते दीर्घकाळ घेता येते. एका चहाच्या चमच्याने सुरू करून आठवडाभराने दोन चमचे करावेत, आणि दर वेळी मोठा ग्लासभर पाणी प्यावे. कोरडे किंवा थोड्या पाण्यात घेतल्यास ते घशात वा आतड्यात अडकू शकते. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना ते देऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे त्रिफळा चूर्ण रात्री कोमट पाण्याबरोबर ३ ते ५ ग्रॅम घेण्याचा प्रघात आहे. ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हिरडा, असे आपले पूर्वज म्हणत, आणि सौम्य त्रासात माझा अनुभवही त्याला दुजोरा देतो. त्रिफळ्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पोटसफाई चूर्णांत सोनामुखी मिसळलेली असते, म्हणून डबीवरील घटकद्रव्ये, परवाना क्रमांक आणि मुदत वाचूनच घ्यावे. एरंडेल हा कधीतरी, वैद्याच्या सांगण्यावरून करण्याचा उपाय आहे. दर आठवड्याला मुलाबाळांना पाजण्याची जुनी सवय सोडावी. भस्मे असलेली औषधे लेखी चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. शहापूरच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी वैद्य कोष्ठ तपासून औषध देतात, तो मार्ग टपालाच्या पाकिटापेक्षा कितीतरी बरा.

ॲलोपॅथीतील औषधांनी ‘आतडे आळशी होते’ अशी भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या बाबतीत तरी ती निराधार आहे. ही पूड आतड्यात पाणी धरून ठेवते आणि जवळजवळ शोषली जात नाही. रोज १७ ग्रॅम एका ग्लास पाण्यात घेतात. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांच्या २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शनात तिची ठाम शिफारस आहे, तर तंतू, लॅक्टुलोज आणि सोनामुखी यांची शिफारस त्याखालोखाल, सशर्त आहे. मधुमेह्यांना आणि वृद्धांना लॅक्टुलोजच्या पातळ औषधाने फुगारा होत असेल तर ही पूड डॉक्टरांकडे आवर्जून विचारावी. बिसाकोडिलची गोळी रात्री घेतल्यास सहा ते बारा तासांत परिणाम करते. ती अडल्या वेळेची सोबतीण समजावी.

वही कशी ठेवावी

शाळेची साधी वही पुरते. उपाय सुरू करण्याआधी दोन आठवडे काहीही न बदलता रोजची नोंद करावी: शौचास झाले का, ब्रिस्टल तक्त्यातील कितवा प्रकार, कुंथावे लागले का, पोट पुरते साफ वाटले का, आणि कोणते औषध घेतले. हे दोन आठवडे बहुतेकांना निरर्थक वाटतात, परंतु यांच्याशिवाय पुढच्या कोणत्याही गुणाचे मोजमाप होत नाही. नंतर आहार आणि पाट हे पहिले चार आठवडे, त्याने भागले नाही तर इसबगोल चार आठवडे, मग त्याच्या जागी त्रिफळा किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल चार आठवडे, असे एकेक पाऊल टाकावे. ॲक्युपंक्चर करायचे ठरल्यास ते आठ आठवडे चालू असताना नवे औषध जोडू नये. सलग तीन दिवस शौचास झाले नाही तरच ठरवून ठेवलेले एखादे अडल्या वेळेचे औषध घ्यावे आणि वहीत तसे लिहावे.

आठवड्यातील पूर्ण समाधानाच्या वेळा आधीपेक्षा एकाने जरी वाढल्या, तर तो उपाय चालू ठेवण्यासारखा आहे. मुदत संपली आणि आकडा हलला नाही, तर तो उपाय कितीही महाग, दुर्मीळ किंवा दूरदेशीचा असला तरी थांबवावा. पोटात मुरडा, चक्कर, पायांत गोळे, डोळे वा लघवी पिवळी होणे यांपैकी काही दिसल्यास मुदतीची वाट न पाहता त्याच दिवशी बंद करावा आणि पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे.

तीन उपाय अशा रीतीने नीट करून झाले आणि तरीही फरक पडला नाही, तर चौथी पुडी शोधू नये. वही घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जावे, आणि आतड्याची गती मोजण्याची तपासणी व गुदाशयाच्या स्नायूंची तपासणी आपल्याला करावी का, असे स्पष्ट शब्दांत विचारावे.